पुणे-बंगळूर रस्त्यावरील धूर : उपद्रवाकडून मोजमापाकडे



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांला नेहमी सांगत की, कोणताही कायदा वाचताना तो कोणाच्या तक्रारीतून जन्मला हे आधी पाहावे. त्याच दृष्टीने वाहनांच्या धुराचा इतिहास मी आज आपणांपुढे ठेवीत आहे.

हा इतिहास मोटारीहूनही जुना आहे. रस्त्यावरील वाफेच्या इंजिनाने आपला धूर आपणच जाळला पाहिजे, असे बंधन इंग्लंडने १८६१ साली घातले. १८६५ च्या कायद्याने तर त्या इंजिनापुढे तांबडे निशाण घेतलेला माणूस चालविला आणि गावातील वेग ताशी दोन मैलांवर आणला. त्याच सुमारास, १८६० मध्ये, भारतीय दंडविधानाने ‘सार्वजनिक उपद्रव’ या अपराधाची व्याख्या केली. आसपासच्या लोकांस बाधक होईल अशी हवा दूषित करणाऱ्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड ठरला. या विधानाच्या केंद्रस्थानी त्रास सोसणारा माणूस होता.

पुढे मोटारी आल्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने धूर, दिसणारी वाफ, ठिणग्या, राख व तेल यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतांना दिला. ठिणग्या आणि राख या शब्दांत वाफेच्या इंजिनाची आठवण अजून जिवंत होती. धारवाड जिल्हा त्या वेळी मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. १९८८ च्या कायद्याने हा अधिकार केंद्राकडे आला. १९८९ च्या केंद्रीय नियमांत पेट्रोलवरील चारचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के, तर दुचाकी-तिचाकीसाठी साडेचार टक्के ठरली आणि ‘पी.यू.सी.’ प्रमाणपत्र आले. डोळ्यांच्या साक्षीची जागा यंत्राने घेतली.

हा मोठाच लाभ होता, कारण आकड्याशी हुज्जत घालता येत नाही. तथापि काही हरवलेही. तपासणी होते ती उभ्या, रिकाम्या वाहनाची. धारवाड हुबळीहून उंचावर आहे. विद्यार्थिदशेत भरलेल्या मालमोटारीमागे सायकल रेटीत मी तो चढ अनेकदा चढलो आहे. चढावर सुटणारा काळा लोट कोणत्याच प्रमाणपत्रात उमटत नसे. प्रमाणपत्र वाहनाला मिळे. श्वास मात्र मागून येणाऱ्याला घ्यावा लागे.

२०२० मध्ये भारत स्टेज सहा ही मानके देशभर लागू झाली व डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत पन्नासवरून दहावर आले. त्याच वर्षी याच रस्त्यावरील ‘चिगरी’ बसगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाचे औपचारिक उद्घाटन झाले. तरीही २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाने मानके न गाठणाऱ्या शहरांत हुबळी-धारवाडची नोंद केली होती, हे विसरून चालणार नाही. एकेक गाडी सुधारली, तरी गाड्यांची गर्दी कोणत्याच एका गाडीच्या तपासणीत सापडत नाही.

विद्यार्थिमित्रहो, यंत्राचा आकडा मानावा. पण ज्याच्या डोळ्यांत धूर जातो, त्या पादचाऱ्याची साक्षही कायद्याने ऐकावी. दीडशे वर्षांपूर्वीच्या ‘उपद्रव’ या शब्दात ती जाण होती. ती आपण जपली, तर गुरुवर्यांचे स्मरण सार्थ होईल.