साजातली एकवीस पानं

कोल्हापुरी साजाचा हिशेब ठरलेला आहे. एकूण २१ पानं. त्यांपैकी १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, २ माणिक आणि पाचूची, आणि उरलेला एक ताईत. लग्नात साज करणाऱ्या घरांत आजी नातीला हे असंच सांगते आणि सोनारही असंच सांगतो.

पण साज हातात घेऊन एकेक पान न्याहाळलं की हा हिशेब डळमळतो. मासा आणि कासव अवतारांत बसतात. शंख आणि कमळ मंगलचिन्हांत बसतात. मग चंद्र, नाग, भुंगा, बेलपान कुठं ठेवायचे? बेल तर शंकराचा. विष्णूच्या अवतारांच्या रांगेत तो आला कसा? भुंग्याचा तर कुठलाच अवतार नाही. मला याचं एकच उत्तर पटतं. चिन्हं आधी आली आणि त्यांची वाटणी मागाहून झाली. चिन्हांची माळ गळ्यात घालण्याची रीत दशावतारांच्या यादीपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

ही रीत दगडात पाहायला मिळते ती सांचीला. तिथल्या मोठ्या स्तूपाची तोरणं सुमारे २००० वर्षांपूर्वीची. त्यांतल्या एका खांबावर दोन मंगलमाळा कोरल्या आहेत, एकीत ११ चिन्हं आणि दुसरीत १३. सूर्य, कमळ, अंकुश, माशांची जोडी, श्रीवत्स, परशू, आरसा अशी चिन्हं ओळीनं ओवलेली आहेत. सांचीचा आपल्याशी असलेला संबंधही दूरचा नाही. दक्षिण तोरणावरच्या लेखात राजा सिरि सातकणीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचं दान नोंदलेलं आहे. म्हणजे पैठणच्या सातवाहनांचा माणूस या कामात होता. त्याच तोरणावर दुसरा लेख आहे, त्यात विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरीवकाम केल्याचं म्हटलं आहे. बोटाएवढ्या दातावर चिन्हं कोरण्याचा सराव असलेले हात तिथं दगडावर चालले होते. तोरणांवरचं काम इतकं बारीक का, हे तो लेख वाचल्यावर उमगतं.

आपल्याकडं पितळखोऱ्यात याहून बोलका पुरावा सापडला. कन्नड तालुक्यातल्या या लेण्यांत मिळालेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कण्हदास, धंद्यानं सोनार. सोनारानं दगडात मूर्ती घडवावी आणि आपला धंदाही तिच्यावर नोंदवावा, हे वाचून मला फार आनंद होतो. दागिन्यातलं चिन्ह आणि लेण्यातलं चिन्ह ही दोन वेगळी खाती नव्हती, एकाच माणसाचा हात दोन्हीकडं फिरत होता.

सांचीच्या माळेपासून कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातल्या साजापर्यंत सलग वंशावळ मांडण्याचा माझा आग्रह नाही. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: आकार टिकतो, त्याची कथा बदलते. माशाचंच पाहा. सांचीला माशांची जोडी बौद्ध स्तूपावर आहे. श्वेतांबर जैनांच्या अष्टमंगलात स्वस्तिक, श्रीवत्स, कलश, दर्पण यांच्याबरोबर मीनयुगुल आहे, आणि तिबेटी बौद्धांच्या आठ चिन्हांतही ते आहे. साजात तोच मासा मत्स्यावतार झाला. शेपटीची फाक आणि पाठीचा बाक पूर्वीसारखाच राहिला, फक्त त्याच्याभोवती सांगायची गोष्ट नवी आली. कासवाचं आणि शंखाचंही असंच झालं असावं.

साजातल्या वाघनखाची चाल जरा निराळी. बाणभट्टानं सातव्या शतकात ‘हर्षचरित’ लिहिलं, त्यात लहानग्या हर्षाच्या गळ्यात सोन्यात मढवलेल्या वाघनखांची ओळ आहे. तिथं नख खरं आहे आणि ते मुलाला जपण्यासाठी आहे. साजात खऱ्या नखाची गरज उरली नाही, सोन्याच्या पत्र्यातला त्याचा बाक पुरला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं खरं वाघनख बाळगणंच गुन्हा ठरवलं. सोनारानं नखाचं चिन्ह त्याच्या कितीतरी आधी केलेलं होतं. ताईतही त्याच कुळातला. गांधार शिल्पातल्या बोधिसत्त्वांच्या अंगावर दोऱ्यात ओवलेल्या ताइताच्या डब्या दिसतात. साजात राखणीचं काम करणारा ताईत सगळ्या मंगलचिन्हांच्या मध्ये मानानं बसला आहे.

कुठली चिन्हं टिकली याचं कारण मला पुराणापेक्षा घडणीत जास्त दिसतं. साजाचं पान नखाएवढं. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठाव काढायचा, मागून दुसरा पत्रा डाखानं जोडायचा आणि पोकळीत लाख भरायची. लाखेमुळं थोडक्या सोन्यात पान भरदार दिसतं आणि दाबानं चेपत नाही. दोन पानांच्या मध्ये जवमणी येतात आणि शेवटी पटवेकरी सगळं गाठवून देतो. एवढ्याशा जागेत खांबातून बाहेर पडणारा नृसिंह कसा मावणार? तिथं मासा मावतो, चंद्रकोर मावते, बेलाची तीन पानं मावतात. ज्याची बाहेरची रेघ पाहताच ओळख पटते ते चिन्ह ठशावर चढलं. बाकीचे अवतार हिशेबात राहिले आणि सोन्यात येताना त्यांना सोप्या आकारांचा आधार घ्यावा लागला.

कथा बदलण्याचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र साजाच्या शेजारच्या दागिन्यात आहे. पुतळ्यांच्या माळेतली पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. हे नाणं तिथं १२८४ साली पाडायला सुरुवात झाली आणि पुढं शतकानुशतकं त्याचा छाप जवळपास तोच राहिला. एका बाजूला संत मार्कपुढं गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबगोल चौकटीत चांदण्यांनी वेढलेला ख्रिस्त. साडेतीन ग्रॅमचं हे अस्सल सोनं मसाल्याच्या व्यापारातून हिंदुस्थानात आलं आणि बायकांच्या गळ्यात गेलं. इथल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या. नकलांच्या नकलांमध्ये लॅटिन अक्षरं नुसत्या रेघा झाली आणि संताची ओळख पुसली गेली. आजच्या पुतळीवर लक्ष्मी असते. परक्या देशातला देव बाजूला होऊन तिथं लक्ष्मी आली, यात मला सोनाराची नजर दिसते. त्याला चौकटीत उभी असलेली एक आकृती दिसली आणि तिच्यात त्यानं आपली देवता पाहिली.

हल्ली १० किंवा १२ पानांचे साज जास्त होतात. सोन्याचा भाव पाहता ते समजण्यासारखं आहे, आणि सांचीच्या माळा ११ आणि १३च्या असल्यानं आकड्याचा सोवळेपणाही नको. पानं कमी करताना भुंगा आणि बेलपान मात्र गाळू नयेत. अवतारांच्या हिशेबात न बसणारी हीच पानं साजाचं जुनेपण सांगतात. आज पुराणातली चिन्हं घेऊन नवे दागिने घडवणाऱ्या मुली पुष्कळ आहेत, त्यांचं काम मी आस्थेनं पाहते. लेझरनं कापलेला सपाट त्रिशूळ मला अपुरा वाटतो. त्याला रेघ असते, पण उठाव नसतो. नवं पान साजात जरूर यावं. त्याचं चित्र कागदावर पक्कं करण्याआधी ते ठसा कोरणाऱ्याला दाखवावं. नखाएवढ्या पत्र्यावर त्यातलं काय उमटेल आणि काय बुजेल, हे तो बघताक्षणी सांगतो.