आधी वाचायला शिकवा : संवादी इंटरप्रिटर बांधू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

पायथन सुरू केला की पडद्यावर तीन कोनचिन्हे उमटतात आणि कर्सर वाट बघत बसतो. दोन अधिक दोन लिहून एंटर दाबला की खाली चार येतात आणि पुन्हा तीच तीन चिन्हे. कॉम्प्युटर शिकणाऱ्या बहुतेकांनी हा खेळ कधी ना कधी खेळलेला असतो. पण ती चिन्हे छापणारा प्रोग्रॅमही कुणीतरी लिहिलेला आहे, आणि तसा एक छोटा प्रोग्रॅम आपल्यालाही दुपारभरात लिहिता येईल, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. माणसाने एक ओळ लिहायची. यंत्राने ती वाचायची, अर्थ लावायचा, सांगितलेले काम करायचे, उत्तर छापायचे आणि पुढच्या ओळीसाठी थांबायचे. पुढची सगळी प्रकरणे एवढ्या एका चक्राविषयी आहेत.

वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत ते कर्जत आणि खालापूर तालुक्यांतले विद्यार्थी. कर्जतला कोकण ज्ञानपीठाचे इंजिनीअरिंग कॉलेज आहे, रसायनीला पिल्लई एचओसी आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेत तिसऱ्या वर्षाला 'सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन' हा विषय असतो. मुले त्याला एसपीसीसी म्हणतात. आयआयटी मुंबईच्या धनंजय धामधेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरचे पुस्तक या विषयासाठी देशभर वापरले गेले आहे. लेक्सर, पार्सर, सिंबॉल टेबल हे शब्द त्यामुळे तोंडपाठ असतात. कमी असते ती हाताची ओळख. कंपायलर हा अवाढव्य कारभार; त्याचा एखादा भाग करून पाहिला तरी पूर्ण यंत्र चालताना दिसत नाही. छोट्या कमांड इंटरप्रिटरमध्ये मात्र वाचण्यापासून उत्तर देण्यापर्यंतचा सगळा प्रवास दोनशे ओळींत मावतो आणि चालू स्थितीत समोर दिसतो. म्हणून या क्षेत्रात शिरायचे तर याच दाराने शिरावे असे माझे मत आहे.

यंत्राशी असे ओळीओळीने बोलता येणे ही एके काळी चैन होती. १९६४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा त्या काळातला मोठा कॉम्प्युटर आला. देशभरातल्या संस्थांची कामे तिथे जात. कार्डांचा गठ्ठा पाठवायचा, पाळी येईपर्यंत थांबायचे; एका कार्डावर स्वल्पविराम चुकला तर छापील कागदावर तेवढीच चूक परत यायची आणि पुन्हा रांग. त्याच वर्षी १ मे रोजी अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ यांची बेसिक भाषा पहिल्यांदा चालली. तिथे विद्यार्थी टेलिटाइपसमोर बसून ओळ लिहीत आणि थोड्या वेळात उत्तर घेत. चूक कळायला लागणारा वेळ दिवसांवरून सेकंदांवर आला, आणि प्रोग्रॅमिंग शिकण्याची रीतच त्याने बदलली.

त्याआधीची एक गोष्ट मला विशेष आवडते. जॉन मॅकार्थी यांनी १९६० सालच्या निबंधात लिस्प भाषा मांडली. तीत 'इव्हॅल' नावाचे एक फंक्शन होते. लिस्पमधली कुठलीही राशी घेऊन तिचे मूल्य काढणारे. ते कागदावरचे गणित होते. स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ च्या यंत्रभाषेत उतरवले आणि लिस्पला अचानक चालता इंटरप्रिटर मिळाला. वाचा, मूल्य काढा, छापा, पुन्हा वाचा हे चक्र तिथूनच रुळले. दुसरी वाट ऑपरेटिंग सिस्टिमकडून आली. एमआयटीच्या सीटीएसएस यंत्रणेत लुई पुझँ यांनी 'रनकॉम' लिहिला. फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड तो ओळीने चालवी. पुढे युनिक्सवर १९७१ मध्ये केन थॉम्पसन यांचा शेल आला, १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचा आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश. आज लिनक्सवर बसणारा प्रत्येक जण यांपैकी कुणाचा तरी ऋणी आहे.

आता कामाचे बोलू. शिकवायला एक उदाहरण हवे, आणि ते इथल्या मातीतले असावे म्हणून मी भाताची नोंदवही घेतली आहे. कर्जतला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ अशी तिथून निघालेल्या भाताच्या वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. राब, लावणी, कापणी, झोडणी यांची नोंद ठेवणारा इंटरप्रिटर आपण बांधणार आहोत. तो चालताना असा दिसेल:

भात> लावणी कर्जत-३ २० गुंठे
नोंद झाली: कर्जत-३, २० गुंठे.
भात> लावनी कर्जत-१८४ १५ गुंठे
'लावनी' ही कमांड नाही. 'लावणी' म्हणायचे आहे का?

पायथनच्या प्रमाणित लायब्ररीत 'सीएमडी' नावाचे मॉड्यूल याच कामासाठी आहे. त्यातल्या क्लासपासून आपला क्लास काढायचा आणि 'डू' व अधोरेषा हा उपसर्ग लावून मेथड लिहीत जायचे. प्रत्येक मेथड म्हणजे एक कमांड. मेथडच्या आत सुरुवातीलाच लिहिलेला खुलासा आपोआप 'हेल्प'चा मजकूर होतो. पायथनचा स्वतःचा डीबगर 'पीडीबी' याच मॉड्यूलवर उभा आहे. पायथन ३ पासून नावे देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे उपसर्गापुढे थेट 'लावणी' लिहिले तरी पायथनची हरकत नसते. मुले उत्साहाने तसे लिहितात, प्रोग्रॅम चालू करतात, प्रॉम्प्टवर 'लावणी' टाइप करतात आणि उत्तर येते: अननोन सिंटॅक्स.

का? कारण मेथडचे नाव पायथनने वाचले, पण टाइप केलेली ओळ हे मॉड्यूल वाचते, आणि कमांडच्या नावात कोणती अक्षरे चालतात याची त्याची यादी इंग्रजी मुळाक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा एवढ्यावर संपते. 'ल' त्या यादीत नाही. म्हणजे पहिल्याच अक्षराला वाचन थांबते, कमांडचे नाव रिकामे ठरते आणि ओळ अनोळखी म्हणून परत येते. त्या यादीत देवनागरी वर्ण, मात्रा आणि हलन्तचिन्ह घातले की काम होते. दुरुस्ती एका ओळीची आहे, पण ती शोधताना विद्यार्थी मॉड्यूलचा मूळ कोड उघडून वाचतो, आणि तो वाचून झाला की इंटरप्रिटरविषयीचे निम्मे गूढ संपते.

मला या क्षेत्राविषयी जे सांगायचे आहे ते इथे येते. कमांड चालवणे सोपे असते. कठीण आणि रंजक भाग वाचण्याचा आहे. नोंद करायला चार ओळी पुरतात. पण माणसाने काय लिहिले हे नीट समजायला चाळीस लागतात, आणि त्या चाळीस ओळींतच बांधणाऱ्याचा कस लागतो. 'कर्जत-३' हेच घ्या. गणित जाणणाऱ्या लेक्सरला ही वजाबाकी वाटेल: कर्जत नावाच्या चलातून तीन वजा. शेतकऱ्याला ते एक नाव आहे. फक्त मोकळ्या जागेवर तोडणारा लेक्सर ते एकसंध ठेवतो, पण मग उद्या 'शिल्लक-५' अशी वजाबाकी हवी असेल तर ती कशी लिहायची? दोन्ही हवे असेल तर नियम ठरवावा लागतो, आणि तो नियम म्हणजेच तुमच्या भाषेचे व्याकरण. व्याकरण हा शब्द वर्गात फळ्यावरून येतो तेव्हा कंटाळा आणतो. असा गरजेपोटी आला की अंगवळणी पडतो.

देवनागरीमुळे हे वाचन आणखी खोलात जाते. शब्द तोडायला रेग्युलर एक्स्प्रेशन वापरावे म्हटले तर पायथनच्या 're' मॉड्यूलमधले 'शब्दातले अक्षर' हे चिन्ह मात्रांना अक्षर मानत नाही. 'खोपोली'चे ख, प, ल असे तीन तुकडे पडतात. तोच पायथन मेथडच्या नावात मात्रा बिनतक्रार स्वीकारतो. एकाच घरातल्या दोघांनी असे परस्परविरोधी वागावे याला इतिहास कारण आहे. तो दुसऱ्या प्रकरणात येईल. याउलट अंकांच्या बाबतीत सुखद धक्का आहे: 'इंट' फंक्शनला देवनागरी २० दिले तर ते निमूट वीस परत देते. कोडमध्ये मात्र संख्या इंग्रजी अंकांतच लिहावी लागते.

सर्वांत चिवट अडचण 'दुसऱ्या' या शब्दातल्या अर्ध्या र ची. एका कीबोर्डवर तो नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त जोडून येतो, दुसऱ्यावर साध्या र, हलन्त आणि एका अदृश्य जोडचिन्हातून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तुलना केली तर वेगळे. 'दुसऱ्या' नावाचे खाचर एका मोबाइलवरून नोंदवले आणि लॅपटॉपवरून शोधले की सापडत नाही. युनिकोडचे सामान्यीकरण निम्मे काम करते. अदृश्य चिन्ह मात्र आपणच हाताळावे लागते. अशा प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या पाठ्यपुस्तकात शोधायला गेलात तर हात हलवीत परत याल. हे काम मराठीत प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनीच करायचे आहे, आणि म्हणूनच तालुक्याच्या गावी बसून या क्षेत्रात भर घालता येते.

टॅब दाबून नाव पूर्ण करण्याच्या सोयीसाठी दुसरे उदाहरण घेतले आहे: कर्जत-खोपोली लोकलची स्टेशने. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. 'क' लिहून टॅब दाबला तर कर्जत आणि केळवली दोन्ही पुढे येतात, कारण आपल्या लेखी 'के' हे एक अक्षर असले तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो आधी क आणि मग मात्रा आहे. याच कारणाने पळसदरी, केळवली, डोळवली आणि खोपोली या चारही नावांची लांबी कॉम्प्युटर सहाच सांगतो. डोळ्यांना मात्र पळसदरी पाच अक्षरांचे दिसते आणि खोपोली तीन. लांबी मोजून रकाने पाडायला जा, तक्ता वाकडा येतो.

आता रिकाम्या ओळीविषयी. वापरणाऱ्याने काहीच न लिहिता एंटर दाबला तर काय व्हावे? 'सीएमडी' मॉड्यूल अशा वेळी मागची कमांड पुन्हा चालवते. डीबगरमध्ये हे वरदान आहे: 'पुढची ओळ' असे एकदा लिहायचे आणि मग नुसते एंटर मारत जायचे. नोंदवहीत मात्र घात. वीस गुंठ्यांची लावणी नोंदवून कुणी सवयीने आणखी एक एंटर मारला की चाळीस गुंठे होतात, म्हणजे अख्खा एकर, आणि पडद्यावर दुसऱ्यांदा 'नोंद झाली' आलेले बघायला कुणाचे लक्ष नसते. तसेच कंट्रोल-डी चे. इनपुट संपल्याची खूण मॉड्यूल एका कमांडच्या रूपात हाती देते. ती हाताळली नाही आणि ओळी फाइलमधून येत असतील तर प्रोग्रॅम तीच चूक अखंड छापत राहतो. चांगला इंटरप्रिटर ओळखायची माझी कसोटी साधी आहे. बरोबर कमांड कुणीही चालवून दाखवेल. मी आधी रिकामा एंटर मारतो, मग अर्धवट ओळ देतो, मग चुकीचे शुद्धलेखन.

एका आडवाटेविषयी इशारा देणे भाग आहे. वाचनाची कटकट टाळायला काही जण वापरणाऱ्याची ओळ सरळ पायथनच्या 'इव्हॅल'च्या हवाली करतात. परीक्षेपुरते ते चकचकीत दिसते, पण त्या ओळीत फाइली पुसण्याचा हुकूम असेल तर तोही पाळला जातो. रसेल यांनी जे उभे केले ते भाषा बनवण्यासाठी होते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती घराच्या किल्ल्या देण्यासाठी नव्हे. एखादी संख्या किंवा यादी वाचायची असेल तर फक्त साधी मूल्ये स्वीकारणारे 'लिटरल इव्हॅल' आहे, तेवढ्यावर भागवावे.

पावसाळ्यात इथे काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावी लागते: वीज. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचे १९२२ पासून वीज करत आले. मुंबईच्या गिरण्या त्यावर फिरल्या. तरी जुलैत जोराची सर आली की आमच्याकडे दिवे जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. संवादी प्रोग्रॅमची सगळी स्थिती मेमरीत असते, आणि वीज गेली की ती जाते. यावरचा उपाय या क्षेत्रातला सर्वांत सुंदर उपाय आहे असे मला वाटते. प्रत्येक कमांड ही शेवटी एक ओळ मजकूर आहे. स्वीकारलेली प्रत्येक ओळ लगेच फाइलमध्ये उतरवायची, आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू होताना ती फाइल पहिल्यापासून त्याच इंटरप्रिटरला वाचायला द्यायची. सगळ्या लावण्या, सगळ्या कापण्या जागच्या जागी येतात. फक्त पुनर्वाचन चालू असताना त्याच ओळी परत फाइलमध्ये जाणार नाहीत एवढी काळजी घ्यायची, नाहीतर वही दरवेळी दुप्पट होते. इथे पोचलात की तुमच्या हाती पुझँ यांचा रनकॉम आलेला असतो: फाइलीतल्या कमांड ओळीने चालवणारा प्रोग्रॅम.

ज्यांना यापुढे जायचे आहे त्यांनी कर्निहन आणि पाइक यांचे युनिक्सवरचे १९८४ सालचे पुस्तक जरूर मिळवावे. त्यात 'हॉक' नावाचा गणकयंत्रासारखा इंटरप्रिटर चार मूलभूत क्रियांच्या हिशेबापासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने भाषा होतो. बांधत बांधत शिकवण्याचा त्याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. लेक्स आणि याक ही साधने मी इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. ती वाचनाचे काम आपल्या हातून काढून घेतात, आणि ते काम तर आधी स्वतः करून बघायचे आहे. कंपायलरचा विषयही बाहेर ठेवला आहे.

पायथन ३ ची कुठलीही चालू आवृत्ती असलेला साधा लॅपटॉप पुरेल. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही, त्यामुळे नेट नसले तरी अडत नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून घ्यावा. विंडोजच्या पायथनबरोबर 'रीडलाइन' मॉड्यूल येत नाही, म्हणून टॅबचे प्रकरण तेवढे लिनक्सच्या मशीनवर करावे.