स्वयंचलित प्रेषण व त्याचे तेल

मोटारगाडीच्या एंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या आणि गाडीचा वेग व तिच्यावरील भार यांनुसार दंतचक्रांचे गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेला स्वयंचलित प्रेषण म्हणतात. या यंत्रणेचा मोठ्या प्रमाणावर प्रसार प्रथम अमेरिकेत झाला. पुष्कळ मैल धावलेल्या जुन्या ट्रकाच्या प्रेषणातील तेल बदलू नये, बदलल्यास चालते प्रेषण थोड्याच दिवसांत निकामी होते, असा समज तेथील वाहनमालकांत व कारागिरांत दीर्घकाळ रूढ आहे. या समजात तथ्य किती व भ्रम किती, हे या तेलाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

तेलाचे कार्य : हाताने दंतचक्रे बदलावयाच्या पेटीत तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे असते. स्वयंचलित प्रेषणात मात्र तेल हा यंत्राचाच एक भाग असतो. एंजिनाची शक्ती प्रथम तेलातून पुढे जाते. पंपाने निर्माण केलेला तेलाचा दाब झडपांमार्फत क्लचच्या तबकड्या व गतिरोधक पट्टे आवळतो. घर्षणाने निर्माण झालेली उष्णता तेलच शीतकाकडे वाहून नेते. याशिवाय क्लचच्या तबकड्या तेलात बुडालेल्या असतानाच एकमेकींना पकडतात. म्हणजे ज्या तेलाने दंतचक्रांचे घर्षण कमी करावयाचे, त्याच तेलाने तबकड्यांना पुरेसे घर्षण मिळू द्यावयाचे असते. या परस्परविरोधी अपेक्षांतून या तेलाचे बहुतेक प्रश्न उद्भवले.

यंत्रणेचा विकास : जर्मनीतील श्टेटीन (सध्याचे पोलंडमधील श्चेचिन) येथील जहाजबांधणी कारखान्यात काम करणारे अभियंते हेर्मान फ्यटिंगर यांनी 1905 मध्ये द्रवाच्या साहाय्याने शक्ती पोहोचविण्याच्या साधनाचे एकस्व घेतले. जहाजातील टरबाइनाचा वेग मळसूत्री पंख्याला योग्य असा करणे, हा त्यांचा हेतू होता. दुसरीकडे फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत (1908–27) ग्रहमाला पद्धतीची दंतचक्रे वापरलेली होती. परंतु त्यांचे पट्टे चालकाला पायाने आवळावे लागत. द्रवीय जोडणी व ग्रहमाला दंतचक्रे एकत्र आणून तेलाच्या दाबाने आपोआप चालणारे ‘हायड्रामॅटिक’ हे चार गतींचे प्रेषण जनरल मोटर्स कंपनीने 1939 मध्ये जाहीर केले व 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसविले. अर्ल टॉमसन हे त्याच्या अभिकल्पकांचे प्रमुख होते. दुसऱ्या महायुद्धात हे प्रेषण अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत वापरले गेले. 1948 च्या ब्यूक गाड्यांत ‘डायनाफ्लो’ हे परिपीडन परिवर्तक असलेले प्रेषण आले. 1950 नंतरच्या दशकात हलक्या ट्रकांनाही स्वयंचलित प्रेषण मिळू लागले.

तेलाची मानके : 1949 मध्ये जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ हे तेलाचे मानक प्रसिद्ध केले व इतर कंपन्यांनीही ते स्वीकारले. 1957 मध्ये त्यात सुधारणा झाली आणि 1967 मध्ये ‘डेक्सरॉन’ हे नवे मानक आले. तबकड्यांची पकड धक्का न बसता सावकाश पक्की व्हावी, यासाठी या तेलात घर्षण नियंत्रित करणारी द्रव्ये मिसळलेली असत. फोर्ड कंपनीने याच दशकात ‘टाइप एफ’ हे तेल पुरस्कृत केले. त्यात अशी द्रव्ये नसल्याने पकड चटकन व घट्ट बसे. दोन्ही तेले दिसण्यात लाल व सारखीच. गुणधर्म मात्र भिन्न. ‘टाइप एफ’साठी बनविलेल्या पेटीत दुसरे तेल घातले, तर तबकड्या घसरत व झिजत, उलट अदलाबदल केल्यास गती बदलताना गाडीला हिसके बसत. देखभालीनंतर उद्भवणाऱ्या बिघाडांचे हे एक जुने कारण होय.

घर्षण नियंत्रणासाठी त्या काळी स्पर्म देवमाशाचे तेल वापरीत. उच्च तापमानातही ते टिकून राही. अमेरिकेने 1970 मध्ये या देवमाशाचा अंतर्भाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत केल्यावर या तेलाची आयात बंद झाली आणि पर्यायी द्रव्ये शोधावी लागली. त्यानंतर आलेल्या एका तेलाने शीतकातील डाखकाम गंजू लागले, म्हणून गंजरोधक द्रव्ये घालून ते सुधारावे लागले. एक घटक बदलल्याने दूरच्या भागात दोष उत्पन्न होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जुने ट्रक व तेलबदल : उष्णतेने तेलाचे ऑक्सिडीकरण होते, तापमान सुमारे 10° से. वाढले की या विक्रियेचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. अवजड माल ओढणाऱ्या ट्रकात तेल अधिक तापते, म्हणून ते लवकर काळवंडते, त्याला करपट वास येतो आणि झडपांवर चिकट पुटे बसतात. घर्षण नियंत्रित करणारी द्रव्येही क्षीण होतात. तबकड्यांची अस्तरे झिजून गुळगुळीत झालेली असतील, तर अशा जुन्या तेलात त्या कशाबशा पकड धरतात. ताजे तेल घातल्यावर निसरडेपणा वाढून घसरणे उघड होऊ शकते. ताज्या तेलाने सुटी झालेली घाण झडपांत अडकणेही शक्य असते. रूढ समजातील तथ्य एवढेच आहे.

परंतु अनेक मालक गाडी घसरू लागल्यावर किंवा गती उशिरा बदलू लागल्यावरच तेल बदलतात. तोवर अस्तरे जळालेली असतात. प्रेषण पुढे बंद पडले की दोष अखेरच्या तेलबदलाला दिला जातो. येथे आधी घडलेली गोष्ट हीच कारण मानली जाते. खरे कारण त्यापूर्वीच्या दीर्घ हयगयीत असते.

दुसरा वर्ग प्रत्यक्ष देखभालीतील चुकांचा आहे. गाळणीचे जुने रबरी कडे आत राहिल्यास किंवा नवे नीट न बसल्यास पंप तेलाबरोबर हवा ओढतो व दाब पडतो. तेल जास्त भरल्यास फिरत्या दंतचक्रांमुळे त्याला फेस येतो. कमी भरल्यासही हवा शिरते. म्हणून बहुतेक गाड्यांत तेलाची पातळी ते गरम असताना व एंजिन चालू ठेवून पाहतात. खालचे तेलपात्र उतरविल्याने सर्व तेल निघत नाही. बरेचसे परिपीडन परिवर्तकात राहते, त्यामुळे पुन्हा भरताना अंदाज चुकतो. जनरल मोटर्सच्या 1982 पासूनच्या ‘700–आर 4’ या प्रेषणात आणखी एक नाजूक भाग होता. कार्ब्युरेटरच्या झडपेपासून प्रेषणापर्यंत एक केबल जाई आणि तिच्या ताणावर आतील तेलाचा दाब ठरे. एंजिनाच्या दुरुस्तीत ही केबल काढून पुन्हा बसविताना ती सैल राहिली, तर भाराखाली दाब अपुरा पडून तबकड्या अल्पावधीत जळत. दुरुस्ती एंजिनाची, पण नुकसान प्रेषणाचे, असा हा प्रकार होता. 1993 पासून त्याच्या जागी आलेल्या ‘4 एल 60–ई’ मध्ये दाबाचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक साधनांकडे गेले.

पुढे प्रत्येक उत्पादकाची स्वतंत्र तेले आली. 2005 मध्ये ‘डेक्सरॉन–6’ हे कमी श्यानतेचे तेल प्रचारात आले. त्यामुळे योग्य तेलाची निवड पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे. जुन्या ट्रकाच्या बाबतीत तेल बदलण्यापूर्वी त्याचा रंग व वास पाहणे, तेलपात्रात धातूचे कण वा अस्तराचा भुगा आहे का ते तपासणे आणि गाडी आधीपासून घसरते का याची नोंद घेणे उचित ठरते. निरोगी प्रेषणाला वेळच्या वेळी बदललेले योग्य तेल दीर्घायुष्य देते. झिजून गेलेली अस्तरे मात्र कोणत्याही तेलाने भरून येत नाहीत.