मनीऑर्डर ते मोबाईल

रत्नागिरीला एके काळी ‘मनीऑर्डरवर जगणारा जिल्हा’ म्हणत. येथील तरुण आगबोटीने मुंबई गाठीत, गिरणीत वा गोदीत राबत आणि महिन्याकाठी घरी पैसे धाडीत. पोस्टमनने ओटीवर मोजून दिलेल्या त्या नोटांतून आधी वाण्याची उधारी, मग शाळेची फी आणि उरलेच तर नवे कापड, असा क्रम असे. धाकट्यांची हौस शिमगा, गणपती वा नाताळला चाकरमानी येईपर्यंत थांबे. ती टंचाई होती; तिचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु इच्छा आणि खरेदी यांच्यामध्ये एक अंतर होते आणि पैशामागे कोणाचा घाम आहे, हे घरातल्या पोरालाही ठाऊक असे.

ते अंतर टप्प्याटप्प्याने मिटले. भारतात मोबाईल सेवा १९९५ साली आली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागली. निर्णायक ठरले २०१६. एप्रिलात यूपीआय आणि सप्टेंबरात जिओचे स्वस्त इंटरनेट आले. दुकान, तिजोरी आणि करमणूक एकाच खिशात मावू लागली. बोट सरकवावे तसा मजकूर येतच राहतो. त्याला शेवटचे पान नाही. ही रचना हेतुपूर्वक आहे, कारण आपण जितके पाहू तितक्या जाहिराती खपतात. म्हणून सारा दोष तरुणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मोह एकट्याने आवरत नाही, हे इतिहास सांगतो. विलायती कापडही स्वस्त आणि मोहक होते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी स्वदेशीचा पुरस्कार केला. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात त्या कापडाची होळी झाली, तीत विद्यार्थी पुढे होते. त्यांनी मिळून सोडले, म्हणून सोडणे जमले.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हाच मार्ग धरला. संध्याकाळी सातला भोंगा वाजे आणि दीड तास टीव्ही व मोबाईल बंद होत. मुले अभ्यासाला बसत. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास कायद्याने मनाई केली. वडगावच्या भोंग्यामागे कायदा नव्हता, गावाची संमती होती. आणि तो थोरामोठ्यांसाठीही होता. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी प्रथम स्वतःचा फोन बाजूला ठेवला, तरच मुलांना सांगण्याचा अधिकार आपल्याला राहील, असे आम्हांस वाटते.