लढाऊ विमान उतरवायला शिकताना : शिडीतील गाळलेली पायरी

तेल्हारा-अकोट परिसरात नांगरलेल्या शेतात उतरणारा बगळा आपण पाहिला असेलच. जमीन जवळ येताच तो अंग उभे करतो, पंख फैलावतो, वेग जवळजवळ संपवतो आणि मग पाय टेकवतो. विमानालाही उतरताना हेच करावे लागते. फक्त त्याला पंख फडफडवता येत नाहीत.

पंखांवरून वाहणारी हवा विमानाला वर उचलते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला, की बल पावपट होते. ही तूट भरून काढण्यासाठी नाक वर उचलावे लागते. पण ठरावीक कोनानंतर हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि विमान एकदम खाली कोसळते. जमीन शे-दोनशे मीटरवर असेल, तर सावरायला वेळच उरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमाने आली आणि हा धडा फार महाग पडू लागला. ब्रिटनच्या हवाई दलाने मिटिअर जातीची ८९० विमाने अपघातांत गमावली व ४५० वैमानिक मृत्युमुखी पडले. मिटिअरच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानात एक खोड होती. उतरण्याच्या तयारीत हवाई ब्रेक उघडे असताना चाके खाली सोडली आणि एक चाक दुसऱ्याच्या आधी बाहेर आले, की विमान बाजूला वळे, नाक झुकवी आणि जमिनीत घुसे. उपाय साधा होता : आधी ब्रेक मिटवायचे, मग चाके सोडायची. पण तो नियम अंगवळणी पडेपर्यंत अनेक तरुण प्राणांस मुकले.

आता आपल्याकडे वळू. १९६३ साली भारतीय हवाई दलात मिग-२१ दाखल झाले. पुढे नाशिकजवळच्या ओझर येथील कारखान्यात ही विमाने शेकड्यांनी तयार झाली. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी त्याला लहान, त्रिकोणी पंख दिले होते. त्याची किंमत उतरताना मोजावी लागे. धावपट्टीकडे येताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक असे. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३ मीटर, खो-खोच्या मैदानाच्या लांबीच्या तिप्पट! वेग घटू लागला म्हणून नाक वर ओढावे, तर हवेचा विरोध वाढतो, वेग आणखी घटतो आणि विमान अधिकच खचते. अशा वेळी इंजिनाची शक्ती वाढवणे हाच मार्ग असतो. पण जेट इंजिनाला तसे करायला काही सेकंद लागतात. मनाला सुचते तेच नेमके घातक ठरते. दोन आसनी मिगमध्ये मागे बसलेल्या प्रशिक्षकाला धावपट्टी नीट दिसत नसे. त्यासाठी परिदर्शी बसवलेली होती.

शिकाऊ वैमानिक येत ते 'किरण'सारख्या संथ विमानावरून. किरण ताशी २०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उतरे. वेग दीडपट झाला, की दर किलोग्रॅममागे गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. मधली पायरी हवी, हे हवाई दलाला ठाऊक होते. १९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ साली आणि ती बिदरला रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारशीपासून सव्वीस वर्षे!

मिग जातीच्या विमानांचे एप्रिल २०१२ पर्यंत ४८२ अपघात झाले व त्यांत १७१ वैमानिक दगावले, असे संसदेत सांगण्यात आले. मानवी चूक आणि तांत्रिक दोष ही कारणे देण्यात आली. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून मृत्यू पावले. तो अपघात उतरतानाचा नव्हता. पण दोष वैमानिकाचा की व्यवस्थेचा, हा प्रश्न तोच होता. कविता आणि अनिल गाडगीळ या त्यांच्या आईवडिलांनी तो जाहीरपणे विचारला आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी प्रतिष्ठान उभे केले. मिग-२१ अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले.

'मानवी चूक' हे उत्तर खोटे असतेच असे नाही, पण ते अपुरे असते. दांडा चुकीच्या क्षणी ओढणारा हात वैमानिकाचा असतो. त्या हाताला सराव मिळाला होता का, हे ठरवणारे मात्र दुसरेच असतात. अपूर्णांक पक्के न करता बीजगणितात ढकललेला विद्यार्थी चुकतो, तेव्हा उत्तरपत्रिकेवरची लाल खूण फक्त त्याच्याच नावावर पडते. वर्गात एखाद्या अपघाताची बातमी वाचली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न जरूर विचारायला लावा : काय घडले? का घडले? आणि ते टाळण्याचा उपाय आधीच कोणाला माहीत होता का?