वजनकाटा आणि सुई



मधुमेहावर बोलायला डॉक्टर असावा अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्त आहे. मी साखर कारखान्यांतल्या कामगारांची संघटना बांधणारा माणूस. शाळा अर्धवट सुटली; पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि वाटाघाटींच्या बैठकींत. त्या बैठकींनी एक धडा पक्का दिला. करारात काय मिळाले आणि त्यासाठी काय द्यावे लागले, हे दोन रकान्यांत आकड्यांनी मांडून पाहिल्याशिवाय सही करायची नसते. आज मी औषध सांगणार नाही. एका औषधाचा शंभर वर्षांचा इतिहास त्या दोन रकान्यांत मांडणार आहे.

औषध आहे इन्शुलिन. त्याच्याविषयी दोन तक्रारी कामगारवस्तीत नेहमी कानांवर येतात. पहिली, 'सुई लागली म्हणजे माणूस संपला.' दुसरी, 'सुई सुरू केली की माणूस फुगतो.' पहिली तक्रार खोटी आहे. दुसरी पुष्कळ अंशी खरी आहे, आणि म्हणूनच ती हसण्यावारी नेऊन चालणार नाही. वजनाच्या भीतीने इंजेक्शन गुपचूप सोडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांतल्या एकाच्या पायाची तीन बोटे काढावी लागली. तेव्हा त्या वाढलेल्या वजनाची किंमत किती धरायची, हा प्रश्न अनेकांच्या हातापायांचा, डोळ्यांचा आणि मूत्रपिंडांचा आहे.

इतिहासाची गंमत अशी, की इन्शुलिन जगात आले तेव्हा वजन वाढणे हीच त्याच्या यशाची खूण होती. १९२२ पूर्वी लहान वयात मधुमेह जडला, की मृत्यू जवळजवळ ठरलेला असे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक कठोर उपचार रूढ केला: रोग्याला जवळजवळ उपाशी ठेवायचे. त्यामुळे काही रोगी थोडे अधिक जगले, पण ते हाडांचे सापळे होऊन जगले. अमेरिकेचे त्या वेळचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ याच उपचारावर होती. ऑगस्ट १९२२ मध्ये, पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ती कॅनडातील टोरांटो शहरी पोचली, तेव्हा तिचे वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो होते.

त्याच शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून साखर उतरवणारा अर्क काढला होता. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, ते फारसे लागू पडले नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिले, आणि ते लागू पडले. हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देण्यात आले; कामगार चळवळीतल्या माणसाला ही गोष्ट विसरता येत नाही. एलिझाबेथ त्यानंतर १९८१ पर्यंत जगली. आणखी एका तीन वर्षांच्या मुलाची दोन छायाचित्रे त्या काळी जगभर गेली: १५ डिसेंबर १९२२ रोजी वजन १५ पौंड, १५ फेब्रुवारी १९२३ रोजी २९ पौंड. दोन महिन्यांत जवळजवळ दुप्पट! त्या वाढीला कोणी 'फुगणे' म्हटले नाही. पालकांनी वजनकाट्यासमोर आनंदाश्रू ढाळले असतील.

मग तीच वाढ पुढे तक्रार कशी झाली? कारण मधुमेह एक नव्हे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला रोगी कृश आणि दुसरा स्थूल, हेही तेथे नोंदले आहे. आधुनिक वैद्यकात हा भेद प्रयोगाने दाखवला तो लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी, १९३६ साली. रोग्यांना साखर आणि इन्शुलिन एकाच वेळी देऊन त्यांनी पाहिले, तो काहींच्या शरीराने इन्शुलिन लगेच मानले आणि काहींच्या शरीराने त्याला दाद दिली नाही. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले इन्शुलिन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिने दाखवले, की प्रौढपणी मधुमेह झालेल्या पुष्कळांच्या रक्तात इन्शुलिन पुरेसे, कधी अधिकच असते. शरीर त्याचे ऐकत नाही, एवढेच. यालो यांना या पद्धतीसाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन तोवर हयात नव्हते.

येथे सरळ शंका येते: ज्याच्या अंगात इन्शुलिन आहेच, त्याला बाहेरून आणखी का द्यावे? उत्तर असे, की दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंड वर्षानुवर्षे जादा पाळी करत राहते आणि हळूहळू थकते. सुरुवातीला ऐकणारा कोणी नसतो. पुढे सांगणाराही दमतो. तेव्हा गोळ्या अपुऱ्या पडतात आणि सुईची वेळ येते. यात रोग्याचा नैतिक पराभव नाही. हा रोगाचाच क्रम आहे.

तरीही या माणसांना इन्शुलिन देऊन फायदा होतो की तोटा, हे कित्येक वर्षे अनिश्चित होते. त्याचा हिशेब मांडला ब्रिटनमधल्या एका दीर्घ अभ्यासाने. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर आणि त्यांचे सहकारी रुरी होल्मन यांनी १९७७ साली तो सुरू केला. २३ केंद्रे, ५,१०२ नवे रोगी, आणि निकाल १९९८ साली. दोन्ही रकाने पाहू.

मिळकतीचा रकाना: एका गटाला मुख्यतः पथ्यावर ठेवले; दुसऱ्याची साखर गोळ्यांनी किंवा इन्शुलिनने काटेकोर सांभाळली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा दहा वर्षांत पहिल्या गटात ७.९ टक्के, दुसऱ्यात ७.० टक्के राहिला. एवढ्या फरकाने डोळे, मूत्रपिंड आदींच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी झाले.

खर्चाचा रकाना: काटेकोर गटाचे वजन पथ्याच्या गटापेक्षा सरासरी २.९ किलोने अधिक वाढले. इन्शुलिन घेणाऱ्यांचे ४ किलोने, ग्लायबेनक्लामाइड या गोळीवाल्यांचे १.७ किलोने. साखर एकाएकी फार उतरून दुसऱ्याची मदत लागण्याचे प्रसंग वर्षाला शंभरात ०.७ होते, ते इन्शुलिनवाल्यांत १.८ झाले. पण ज्या गोष्टीचे भय होते, की इन्शुलिनमुळे हृदयविकार वाढेल, ती दिसली नाही. २००८ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हा दोन्ही गटांची साखर केव्हाच सारखी झालेली होती. तरी पूर्वी इन्शुलिन किंवा त्या जातीच्या गोळ्यांवर साखर काटेकोर ठेवलेल्यांत हृदयविकाराचे झटके १५ टक्क्यांनी कमी निघाले. वेळेवर केलेली बचत पुढे व्याजासह मिळाली, असे म्हणू या.

आता ते चार किलो येतात कोठून? रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, की ती लघवीतून वाहू लागते. दिवसाला ५० ग्रॅम साखर अशी गेली, तर २०० कॅलरी, म्हणजे सुमारे दोन पोळ्यांची ताकद, मोरीत गेली. इन्शुलिनने ही गळती बंद होते. जेवण तेच राहिले, तर वाचलेली ताकद अंगावर दिसणारच. शिवाय इन्शुलिन चरबी साठवायला मदत करते आणि वितळू देत नाही. साखर उतरण्याच्या धास्तीने माणूस मधूनमधून काहीबाही खातो, ते वेगळेच.

आमच्या ऊसपट्ट्यात एक साधा नियम आहे: भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचे वजन वजा केल्याशिवाय उसाचे वजन कळत नाही. येथेही तसेच. निदान होण्यापूर्वी पुष्कळांचे वजन रोगानेच घटलेले असते. शेजारी म्हणतात, 'बारीक झालात, छान दिसता', आणि आत साखर स्नायू खात असते. सुईनंतर आलेल्या वजनातले किती हे गेलेलेच परत आले, ते आधी वजा करावे. उरेल ते खरे वाढलेले वजन. तेवढ्याची काळजी जरूर करावी, कारण पोटावरची चरबी शरीराला इन्शुलिनबाबत आणखी बहिरे करते. मग मात्रा वाढते, मात्रेने वजन वाढते, वजनाने पुन्हा मात्रा. हे चक्र खरे आहे.

आणि नुसता साखरेचा आकडा खाली ओढत राहिल्याने काय होते, याचाही दाखला आहे. अमेरिका व कॅनडात १०,२५१ रोग्यांवर एक अभ्यास चालू होता. त्यात एका गटाची सरासरी ६ टक्क्यांच्या खाली आणायचा हट्ट होता. फेब्रुवारी २००८ मध्ये तो हट्ट थांबवावा लागला: त्या गटात २५७ मृत्यू झाले होते, सौम्य गटात २०३. दहा किलोंहून अधिक वजन वाढलेले हट्टाच्या गटात २७.८ टक्के होते, दुसऱ्यात १४.१. त्या गटाला अनेक औषधे एकदम दिली होती, त्यामुळे खापर एकट्या इन्शुलिनवर फोडता येत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १२,५३७ रोग्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिवसातून एकदा घ्यायच्या इन्शुलिनने हृदयविकार वाढला नाही, आणि वजन सहा वर्षांत १.६ किलोच वाढले. बोध एवढाच, की औषध तेच असले तरी मात्रा, वेग आणि माणूस पाहूनच हिशेब जमतो.

कराराच्या अटी सुधारता येतात, हे इतिहासाचे पुढचे पान. फिनलंडमध्ये १९९९ साली ९६ रोग्यांच्या अभ्यासात दिसले, की रात्रीच्या इन्शुलिनसोबत मेटफॉर्मिनची गोळी असली, तर वर्षात वजन ०.९ किलोच वाढते. इन्शुलिनच सकाळी आणि रात्री दोनदा दिले, तर ४.६ किलो. २००७ साली ब्रिटन व आयर्लंडच्या ७०८ रोग्यांत पहिल्या वर्षी लांब पल्ल्याच्या इन्शुलिनने १.९ किलो वाढले, प्रत्येक जेवणाआधीच्या इन्शुलिनने ५.७. पुढे भूक शमवणारी इंजेक्शने आली. २०१८ साली अमेरिका व युरोपच्या तज्ज्ञांनी बहुतेकांना इन्शुलिनच्या आधी तीच द्यावीत असे सुचवले. पण किमतीने ती दीर्घकाळ सामान्य माणसाच्या हाताबाहेर राहिली. लघवीवाटे मुद्दाम साखर सोडणाऱ्या गोळ्याही आल्या. त्यांतल्या डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट २०२० साली संपले आणि किंमत उतरली. २०१७ साली स्कॉटलंड आणि टाइनसाइड येथील ३०६ रोग्यांत, ज्यांचा रोग सहा वर्षांच्या आतला होता आणि जे इन्शुलिनवर नव्हते, कडक आहाराने वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्क्यांचा मधुमेह वर्षभरात औषधावाचून आटोक्यात आला. मात्र त्याच तज्ज्ञांनी हेही बजावले आहे, की साखर फार चढलेली असताना वजन आपोआप घटत असेल, तर इन्शुलिनला उशीर करू नये. १९२२ ची ती खूण आजही खरी आहे.

आपल्या लोकांसाठी एक विशेष गोष्ट पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवली. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपला सडपातळ माणूसही आतून स्थूल असू शकतो. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नये. कमरेला फीतही लावावी. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. हा काही चार श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही.

श्रोतेहो, शेवटी कामगारांचे म्हणणे मांडतो. गाळपाच्या हंगामात पाळी दर आठवड्याला बदलते, जेवणाची वेळ बदलते, झोप बदलते. मात्रा मात्र कागदावर एकच असते. रात्रपाळीत साखर उतरली तर बॉयलरपाशी चक्कर येईल, म्हणून माणूस आधीच पोटभर खाऊन ठेवतो. वजन वाढते, आणि दोष 'पथ्य पाळत नाही' म्हणून त्याच्याच माथी बसतो. कोणी तर 'कामाला अपात्र' ठरवतील या भयाने इंजेक्शनच लपवतो. हे वजन त्याच्या जिभेने वाढवलेले नाही, कामाच्या वेळापत्रकाने वाढवले आहे. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रोग्याने डॉक्टरांना विचारावे: हे कोणते इन्शुलिन, मेटफॉर्मिन चालू ठेवायची का, माझ्या पाळीप्रमाणे मात्रा कशी बदलू, किती वाढले तर तुम्हाला कळवू? डॉक्टरांनी सुई देतानाच वजनाविषयी सांगावे. लपवलेला खर्च उघडा पडला की विश्वास जातो. मालकाने जेवणाची ठरलेली सुट्टी द्यावी आणि इन्शुलिन घेणाऱ्याला केवळ तेवढ्यावरून घरी बसवू नये. आणि कोणीही, कितीही पोट सुटले तरी, न विचारता इन्शुलिन सोडू नये.

चार किलो परत उतरवता येतात. गेलेली दृष्टी आणि कापलेला पाय कोणत्याही वाटाघाटीत परत मिळत नाही. हा फरक ज्याने दोन्ही रकान्यांत लिहून ठेवला, त्याने सही करायला हरकत नाही.