विंध्याचा आणि नेपाळचा

दिवाळीच्या सकाळी रामदासपेठेत गच्चीवर उभे राहिले की माथ्यावर घारी गिरक्या घेताना दिसतात. मुले त्यांनाच गरुड म्हणतात आणि आम्ही मास्तर लोक ती चूक दुरुस्त करतो. पण मोठमोठ्या पंडितांनीही दोन खऱ्या गरुडांची गल्लत कित्येक वर्षे केली, त्याची ही हकीगत.

1831 साली मेजर जेम्स फ्रँकलिन याने विंध्याद्रीत जमवलेल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. ध्रुवप्रदेशात नाहीसा झालेला जॉन फ्रँकलिन तो याचाच भाऊ. यादीतल्या एका तपकिरी गरुडाला त्याने विंध्याचे नाव दिले. दोनच वर्षांनी काठमांडूच्या ब्रायन हॉजसनने दुसऱ्या एका गरुडाला नेपाळचे नाव दिले. पुढे पंडितांना दोघे सारखेच दिसले. 1828 साली आफ्रिकेतून नोंदलेल्या एकाच जातीत दोघांनाही घातले गेले.

वास्तविक विंध्याचा गरुड घरचा. कोरड्या माळावरच्या बाभळीवर काटक्यांचे घरटे करून तो बारमाही राहतो. नेपाळच्या नावाचा मात्र दिवाळीच्या सुमारास येणारा पाहुणा. त्याचे घर कझाकस्तान-मंगोलियाच्या गवताळ मैदानांत, आणि घरटे पुष्कळदा जमिनीवरच. खूण तोंडाशी आहे. घरच्याची जिवणी डोळ्याच्या मध्याखाली थांबते, पाहुण्याची डोळ्याच्या मागल्या कडेपर्यंत जाते. अशा खुणा मांडून 1992 साली विल्यम क्लार्क या अभ्यासकाने दोन जाती वेगळ्या असल्याचे दाखवले.

नावाचा हा वाद कशाला, असे कुणी म्हणेल. वर्गात दोन देशपांडे असावेत आणि हजेरी एकदाच पुकारावी, तर एक गैरहजर राहिला तरी कळत नाही. तसेच इथे झाले असते. निराळी हजेरी घेतली तेव्हा कळले, की दोघेही घटत आहेत. जागतिक लाल यादीत पाहुणा 2015 साली ‘संकटग्रस्त’ ठरला, घरचा 2018 साली ‘असुरक्षित’.

पाहुण्याची मैदाने नांगराखाली गेली, विजेच्या तारांनी त्याचे बळी घेतले. आणि आपण? गुरांच्या दुखण्यावरचे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांना मारते, म्हणून 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तरी राजस्थानात मेलेल्या पाहुण्या गरुडांच्या अंगात तेच सापडल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले. फराळाच्या दिवसांत दारी आलेल्याच्या पानात आपण हे वाढले!

आता मुलांनी घारीला गरुड म्हटले की मी नुसता हसत नाही. शेपटीची खाच दाखवतो, आणि मग दोन्ही गरुडांची नावे निरनिराळी पाठ करून घेतो.